जुना खासगी क्लाउड वाढवताना आणि अपग्रेड करताना: आधी एक घर रिकामे करा

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर नेमके कशाला आहे ते स्पष्ट राहील. आपल्याकडे तीन रॅकमध्ये २४ सर्व्हर आहेत: तीन कंट्रोलर (सगळ्याचे नियंत्रण करणारे सर्व्हर), आठ सेफ स्टोरेजचे नोड (सेफ, Ceph, म्हणजे डेटाच्या प्रती अनेक सर्व्हरांवर ठेवणारी साठवण प्रणाली; नोड म्हणजे एकेक सर्व्हर) आणि तेरा कॉम्प्युट नोड (ज्यांवर व्हर्च्युअल मशीन चालतात). त्यांवर ओपनस्टॅक या क्लाउड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची युसुरी आवृत्ती उबंटू २०.०४ वर चालते, आणि २०२० मधल्या उभारणीनंतर सुरक्षेचे पॅच सोडले तर एकही मोठे अपग्रेड झालेले नाही. सुमारे ६०० व्हर्च्युअल मशीन चालू आहेत, कॉम्प्युट नोडांची ९० टक्के रॅम वाटून झाली आहे, स्टोरेज ७८ टक्के भरले आहे आणि नेटवर्क जुन्या त्रिस्तरीय पद्धतीचे, सगळीकडे पसरलेल्या व्हीलॅनचे (स्विचांवर आखलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांचे) आहे. आता १६ नवे सर्व्हर येत आहेत. स्पाइन-लीफ (प्रत्येक रॅकचा लीफ स्विच प्रत्येक मधल्या स्पाइन स्विचला जोडणारी रचना) आणि ईव्हीपीएन (अशा रचनेवरून व्हीलॅन एका रॅकमधून दुसऱ्यात नेणारे तंत्र) घ्यावे का, थेट ताज्या आवृत्तीवर उडी मारता येईल का, आणि हे सगळे सेवा न थांबवता होईल का, असे आपण विचारले आहे.

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. आज आपल्या प्लॅटफॉर्ममधला एकही भाग भरदिवसा, लोड चालू असताना, बाजूला काढता येत नाही. तेरापैकी एक कॉम्प्युट नोड रिकामा करायचा म्हटले, तर उरलेल्या बारांवर रॅमचा वापर साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर जातो, म्हणजे कागदावर बसते, पण एखादे मोठे मशीन हलवायला सलग जागा कुठल्याच नोडवर मिळत नाही. सोळा घरांच्या सरकत्या कोड्यात एक घर रिकामे असते म्हणून बाकीचे पंधरा तुकडे हलतात. आपल्या कोड्यात ते घरच भरून टाकले आहे. आवृत्ती कुठली घ्यायची, स्विच कुठले घ्यायचे, हे त्यानंतरचे प्रश्न आहेत. पाच वर्षे अपग्रेड झाले नाही त्याचे कारण आळस असेल असे मला वाटत नाही. अपग्रेडला लागणारी रिकामी जागा आराखड्यात कधी धरलीच नव्हती, असा माझा अंदाज आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. आपल्या ६०० मशीनपैकी किती मशीनची सेवा दोन किंवा अधिक प्रतींत चालते आणि किती एकुलती एक आहेत, हे मला माहीत नाही. एका ॲप्लिकेशनची दोन मशीन लोड बॅलन्सरमागे असतील, तर त्यातले एक दहा मिनिटे बंद करणे कोणाच्या लक्षातही येत नाही. एकच डेटाबेस मशीन असेल, तर तीच दहा मिनिटे आधी ठरवून, कळवून घ्यावी लागतात. दुसरे म्हणजे आपल्या चमूत किती माणसे आहेत. तीन माणसांना जे रात्री तीन वाजता समजून घेऊन दुरुस्त करता येणार नाही, ते तंत्र कितीही उत्तम असले तरी मी त्यांच्या डेटा सेंटरमध्ये बसवत नाही. पुढे ईव्हीपीएनबद्दल मी जे म्हणतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

सुरुवात स्टोरेजपासून करा, कारण सर्वांत मोठा धोका तिथे आहे. सेफमध्ये मूळ मांडणीनुसार ८५ टक्क्यांना इशारा मिळतो, ९० टक्क्यांना त्या डिस्कवर डेटाची पुनर्भरणी थांबते आणि ९५ टक्क्यांना लिहिणेच बंद होते. आपल्या आठ नोडांपैकी एक कायमचा गेला, तर त्यावरचा डेटा उरलेल्या सात नोडांवर पसरतो आणि सरासरी ७८ वरून ८९ टक्क्यांवर जाते. ही सरासरी आहे. सेफ डेटा अगदी समान वाटत नाही, त्यामुळे काही डिस्क तेव्हा ९० च्या पलीकडे गेलेल्या असतील आणि पुनर्भरणी अर्ध्यावर अडेल. म्हणजे तीन प्रती ठेवूनही एका नोडचे नुकसान भरून काढण्याची ताकद आज आपल्या क्लस्टरमध्ये नाही. आठ नोडांच्या क्लस्टरमध्ये मी ७० टक्क्यांची रेघ मारतो. त्यामुळे एक नोड गेला तरी सरासरी ८० वर थांबते. नव्या सोळापैकी चार सर्व्हर स्टोरेजला द्या. त्यांची क्षमता जुन्या नोडांइतकी धरली, तर वापर ५२ टक्क्यांवर येईल, आणि मगच पुढचे काही करायला हात मोकळे होतील.

नवे नोड जोडताना सगळ्या डिस्क एकाच दिवशी क्लस्टरमध्ये ढकलू नका. एकेका नोडच्या डिस्कचे वजन टप्प्याटप्प्याने वाढवा आणि पुनर्भरणीचा वेग असा धरा की ग्राहकांच्या मशीनचा डिस्कचा प्रतिसाद बिघडणार नाही. यात दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. त्याच काळात मॉनिटरांची (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या, बहुमताने चालणाऱ्या सेफच्या सेवांची) संख्या तीनवरून पाचवर न्या. तीन मॉनिटरांत एक बंद पडला तरी बहुमत टिकते हे खरे, पण अपग्रेडच्या वेळी एक मॉनिटर आपण स्वतःच बंद केलेला असतो, आणि त्या अर्ध्या तासात दुसरा कोसळला तर संपूर्ण स्टोरेज थांबते. पाच असतील तर एक हाताने बंद केल्यावरही एक अपघात सहन होतो. हे दोन जादा मॉनिटर चैन म्हणून मागितलेले नाहीत. ते केवळ अपग्रेडच्या त्या अर्ध्या तासासाठी आहेत.

इथे एक सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. नवे मॉनिटर जोडा, पण जुन्या तीन मॉनिटरांचे आयपी पत्ते बदलू नका. नव्या नेटवर्कवर जाताना पत्तेही स्वच्छ करून घ्यावेत असा मोह होतो, आणि मलाही एकदा झाला होता. नोव्हा, म्हणजे ओपनस्टॅकची मशीन चालवणारी सेवा, प्रत्येक जोडलेल्या व्हॉल्यूमची (आभासी डिस्कची) माहिती डेटाबेसमध्ये साठवताना मॉनिटरांचे पत्तेही त्या नोंदीत लिहून ठेवते. चालू मशीन चालूच राहतात, म्हणून दिवसभर काही जाणवत नाही; पण मशीन बंद करून पुन्हा सुरू केले की ते जुन्या पत्त्यांवर मॉनिटर शोधत बसते आणि उठत नाही. मी ती चूक केली तेव्हा पहिली तक्रार तब्बल नऊ दिवसांनी आली, आणि तोवर पत्तेबदल आणि तक्रार यांचा संबंध जोडायला कोणालाही सुचले नव्हते.

जागा झाली की सेफचे अपग्रेड. सेफच्या ऑक्टोपस आवृत्तीवरून मधली पॅसिफिक वगळून थेट क्विन्सीवर जाता येते, आणि तसेच पुढे क्विन्सीवरून स्क्विडवर. एका वेळी दोनपेक्षा जास्त आवृत्त्या ओलांडू नयेत. मी आपल्या जागी असतो तर आत्ता क्विन्सीवर थांबलो असतो आणि युसुरीचे कॉम्प्युट नोड रिकामे झाल्यावरच पुढची पायरी घेतली असती, कारण जुने क्लायंट आणि फार नवा क्लस्टर यांच्यामधले अंतर वाढवत नेण्यात मला स्वारस्य नाही. क्रम ठरलेला आहे: आधी मॅनेजर (देखरेखीची सेवा) व मॉनिटर, मग एकेक डिस्क सांभाळणाऱ्या ओएसडी सेवा, आणि शेवटी फाइल व ऑब्जेक्ट सेवा. ओएसडीच्या वेळी एका वेळी एकच नोड घ्या, त्याआधी 'नोआउट' हा झेंडा लावा, नाहीतर तो नोड रीबूट होत असताना क्लस्टर त्याचा डेटा इतरत्र हलवायला सुरुवात करेल. एक नोड बाहेर असताना प्रती दोनच उरतात. त्या काळात दुसऱ्या नोडमधली एखादी डिस्क गेली, तर काही डेटाची एकच प्रत राहते आणि किमान दोन प्रतींची अट असल्याने त्या भागाचे वाचन-लेखन थांबते. म्हणून प्रत्येक नोडनंतर सर्व भाग पुन्हा निरोगी दिसेपर्यंत थांबायचे, घड्याळ कितीही वाजलेले असो. क्विन्सीनंतरच्या रीफ आवृत्तीमध्ये फाइलस्टोअर हा जुना साठवणप्रकार काढून टाकला आहे, त्यामुळे आपल्या जुन्या डिस्कपैकी काही अजून त्या प्रकारात असतील, तर त्या आत्ताच, एकेक करून, ब्लूस्टोअर या नव्या प्रकारावर नव्याने बांधून घ्या.

आता ओपनस्टॅकची उडी. युसुरीनंतर व्हिक्टोरिया, वॉलाबी, झेना, योगा, झेड, मग २०२३.१ अँटिलोप आणि २०२४.१ कॅराकल अशी ओळ लागते. एक आड एक आवृत्ती ओलांडण्याची अधिकृत सोय अँटिलोपपासून सुरू झाली. त्या योजनेत दर वर्षीची पहिली आवृत्ती ही थांबा धरतात, आणि दुसरी टाळता येते. म्हणजे जागच्या जागी जायचे ठरवले, तर अँटिलोपपर्यंत सहा पायऱ्या आणि कॅराकलची सातवी. शिवाय उबंटू २०.०४ वर योगापर्यंतच पॅकेज मिळतात, त्यामुळे योगावर थांबून सगळ्या सर्व्हरांची ऑपरेटिंग सिस्टिम २२.०४ वर न्यावी लागेल आणि मगच पुढे. प्रत्येक पायरीला डेटाबेसच्या रचनेत बदल होतात आणि प्रत्येक पायरीनंतर काही दिवस निरीक्षण लागते. मी चार पायऱ्यांचा असा प्रवास एकदा केला आहे. तो यशस्वी झाला, पण आठ महिने लागले आणि शेवटी चमूतला प्रत्येक जण इतका थकला होता की पुढचे वर्षभर कोणी अपग्रेडचे नाव काढले नाही.

त्यामुळे माझा सरळ सल्ला असा आहे: एक-दोन आवृत्त्या मागे असाल तर जागच्या जागी अपग्रेड करा, सात पायऱ्या मागे असाल आणि हातात १६ नवे सर्व्हर असतील, तर शेजारी नवे प्लॅटफॉर्म उभारा आणि मशीन तिकडे हलवा. स्टोरेजला मात्र हा नियम लावत नाही. सेफ जागच्या जागी चांगले अपग्रेड होते, आणि डेटा न हलवणे हाच या मार्गाचा मोठा फायदा आहे. चार सर्व्हर स्टोरेजला गेले, तीन नवे कंट्रोलर होतील, उरलेले नऊ नव्या क्लाउडचे पहिले कॉम्प्युट नोड. जुना आणि नवा, दोन्ही क्लाउड एकाच सेफ क्लस्टरवर चालतील.

एकच स्टोरेज असण्याचा उपयोग कसा होतो ते पाहा. जुन्या क्लाउडमध्ये मशीन बंद करायचे, त्याचे व्हॉल्यूम वेगळे करून सिंडरच्या (ओपनस्टॅकच्या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या सेवेच्या) नोंदीतून सोडून द्यायचे. प्रत्यक्ष डेटा सेफमध्ये जिथल्या तिथे राहतो. मग नव्या क्लाउडच्या सिंडरला तेच व्हॉल्यूम दत्तक घ्यायला सांगायचे आणि त्यावरून नवे मशीन सुरू करायचे. दोन टेराबाइटचा डेटाबेस असो की वीस गिगाबाइटचे छोटे मशीन असो, एकही बाइट कॉपी होत नाही, आणि मशीन बंद राहण्याचा काळ काही मिनिटांत मावतो. तीन अडथळे येतात. स्नॅपशॉट (एखाद्या क्षणाची टिपून ठेवलेली प्रत) असलेले व्हॉल्यूम सिंडर सोडत नाही, त्यामुळे ते स्नॅपशॉट आधी निकाली काढावे लागतात. इमेजवरून (मशीनच्या तयार साच्यावरून) बनलेली व्हॉल्यूम मूळ इमेजवर विसंबून असतात. जुन्या इमेज पुसण्यापूर्वी ती स्वतंत्र करून घ्यावी लागतात. आणि ज्या मशीनची मूळ डिस्क व्हॉल्यूमवर नसून नोव्हाच्या स्वतःच्या पूलमध्ये (सेफमधल्या वेगळ्या साठ्यात) आहे, त्यांच्या डिस्कचे आधी व्हॉल्यूम करून घ्यावे लागते. आपल्या ६०० पैकी अशी किती आहेत, हे मोजायला एक दुपार पुरेल, आणि त्या आकड्यावर पूर्ण वेळापत्रक अवलंबून असेल.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. एका क्लाउडमधून दुसऱ्यात लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन न थांबवता हलवणे) होत नाही, त्यामुळे प्रत्येक मशीनला एक छोटा थांबा घ्यावा लागेल. प्लॅटफॉर्म एकदाही थांबणार नाही, असे मी सांगू शकतो. प्रत्येक मशीन एकदाही थांबणार नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाहेरचे पत्ते तेच ठेवायचे असतील, तर बाह्य नेटवर्कची व्हीलॅन दोन्ही क्लाउडना जोडा, आणि दोघांच्या पत्तेवाटपाच्या मर्यादा एकमेकांत मिसळणार नाहीत अशा आखा. हलवलेल्या मशीनचा पत्ता नव्या बाजूला हाताने नेमून द्यायचा.

नव्या क्लाउडमध्ये लाइव्ह मायग्रेशन नीट चालावे म्हणून एक निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो. हायपरव्हायझरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मशीनसमोर सीपीयू जसाच्या तसा उघडा ठेवायला सांगितले, तर वेग थोडा जास्त मिळतो, पण नव्या सीपीयूवर सुरू झालेले मशीन जुन्या सीपीयूवर हलत नाही. आपले जुने तेरा नोड पुढे याच क्लाउडमध्ये येणार आहेत. म्हणून सर्वांत जुन्या सीपीयूला पेलेल असे एक ठरावीक मॉडेल सगळ्या नोडांवर लावा, किंवा जुन्या-नव्यांचे स्पष्ट वेगळे गट करा. मोठ्या रॅमच्या मशीनचा हिशेबही आधी करून ठेवा: २५६ गिगाबाइट रॅम २५ गिगाबिटच्या दुव्यावरून एकदा पाठवायलाच किमान ८२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात डेटाबेसने त्यातली पाने पुन्हा बदललेली असतात. बदलण्याचा वेग पाठवण्याच्या वेगाच्या जवळ गेला की हे मायग्रेशन संपतच नाही. अशा मशीनची यादी वेगळी ठेवा आणि त्यांच्यासाठी थोडा थांबा गृहीत धरा.

नेटवर्कबद्दल. स्पाइन-लीफ घ्यावे का, याला माझे उत्तर निःसंदिग्ध 'हो' आहे. या रचनेचे मूळ चार्ल्स क्लॉस यांच्या १९५३ च्या टेलिफोन एक्स्चेंजविषयीच्या मांडणीत आहे, आणि डेटा सेंटरमध्ये ती बीजीपी या मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलवर कशी चालवावी हे २०१६ च्या आरएफसी ७९३८ (इंटरनेटविषयीचा तांत्रिक दस्तऐवज) मध्ये नीट लिहिलेले आहे. चार रॅक, प्रत्येकी दहा सर्व्हर, रॅकमागे दोन लीफ आणि एकूण दोन स्पाइन, एवढे आपल्याला पुरते. प्रत्येक सर्व्हरचा एक २५ गिगाबिटचा दुवा प्रत्येक लीफला धरला, तर लीफवर खालून २५० गिगाबिट येतात आणि वर दोन १०० गिगाबिटचे दुवे जातात. गुणोत्तर सव्वास एक. आता नेहमीचा प्रश्न विचारा: एक स्पाइन अपग्रेडसाठी बाजूला काढला तर काय होते? गुणोत्तर अडीचास एक होते. रात्रीच्या लोडला हे चालते का, आणि त्याच वेळी सेफची पुनर्भरणी सुरू झाली तर चालते का, हे मोजून पाहा. चालत नसेल तर दुवे वाढवा किंवा तिसरा स्पाइन घ्या.

ईव्हीपीएनचे उत्तर इतके सरळ नाही. ओपनस्टॅकचे सध्याचे नेटवर्क, म्हणजे ओव्हीएन, ग्राहकांची नेटवर्क हायपरव्हायझरवरच जिनीव्ह बोगद्यांत (एका पाकिटात दुसरे पाकीट घालून पाठवण्याच्या पद्धतीत) गुंडाळते. खालच्या फॅब्रिकने (स्विचांच्या जाळ्याने) त्या बोगद्यांची पाकिटे एका सर्व्हरपासून दुसऱ्या सर्व्हरपर्यंत आयपीने पोहोचवली की काम झाले. त्याखाली स्विचांवर व्हीएक्सलॅन (अशाच बोगद्यांचे तंत्र) आणि ईव्हीपीएनचा आणखी एक थर चढवला, तर बिघाडाच्या रात्री दोन थरांत दोष शोधावा लागतो. व्हीलॅनच्या ४०९४ क्रमांकांची मर्यादा मोडून व्हीएक्सलॅनचे सुमारे १ कोटी ६७ लाख क्रमांक मिळतात, हा युक्तिवाद आपल्याला लागू नाही, कारण ग्राहकांच्या नेटवर्कचे क्रमांक ओव्हीएनच्या थरातच खर्च होतात. फक्त एका ठिकाणी ईव्हीपीएनची गरज खरी आहे: बाह्य नेटवर्कचे गेटवे नोड दोन वेगवेगळ्या रॅकमध्ये ठेवले, आणि ते ठेवायलाच हवेत, तर त्यांची बाह्य व्हीलॅन दोन्ही रॅकमध्ये पोहोचली पाहिजे. तेवढ्या चार-दोन व्हीलॅनपुरते ते त्या दोन रॅकच्या लीफवर चालवा आणि तिथेच थांबवा. जुन्या क्लाउडमध्ये न्यूट्रॉनचा (ओपनस्टॅकच्या नेटवर्क सेवेचा) लिनक्सब्रिज ड्रायव्हर असेल, तर त्याच्या सुधारणेत वेळ घालवू नका. झेड आवृत्तीत तो प्रायोगिक ठरवला गेला आणि पुढे काढूनच टाकण्यात आला.

सर्व्हर दोन लीफना कसे जोडायचे? दोन लीफ मिळून एकच स्विच असल्यासारखे वागवणारी एमलॅग पद्धत सोपी वाटते, आणि लहान चमूला मी ती नाकारत नाही. पण तिच्यात दोन्ही लीफ एकमेकांच्या स्थितीत गुंतलेले असतात, आणि दोघांवर वेगळ्या आवृत्त्या असण्याच्या मधल्या काळात काय होईल याची खात्री उत्पादक फारशी देत नाहीत. माझी पसंती सर्व्हरवरच बीजीपी चालवण्याला आहे. लीफ अपग्रेड करायचा असेल तेव्हा २०१८ च्या आरएफसी ८३२६ मध्ये सांगितलेली सौम्य निरोपाची खूण त्या लीफवरून पाठवायची. सर्व्हर आपणहून दुसऱ्या लीफकडे वळतात, आलेखावर वाहतूक शून्यावर आलेली दिसते, आणि मग निवांतपणे रीबूट करायचे.

नेटवर्कमधला सर्वांत चिवट दोष मात्र एमटीयूचा (एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) असतो, आणि तो जवळून दाखवतो. जिनीव्हच्या वेष्टनाला ओव्हीएनमध्ये ५८ बाइट लागतात, म्हणून खालचे नेटवर्क १५०० चे असेल तर मशीनला १४४२ मिळतात. बहुतेक जण खाली ९००० ठेवतात आणि विसरून जातात. एकदा आम्ही एका रॅकमधला बिघडलेला लीफ बदलला. मांडणी जुन्या फाइलवरून चढवली, बीजीपी उठले, पिंग चालले, सगळे हिरवे झाले आणि आम्ही निघालो. पहाटे तक्रार आली की काही मशीनमध्ये लॉगिन होते, पासवर्डही स्वीकारला जातो, पण फायलींची यादी मागितली की पडदा गोठतो. लॉगिनची पाकिटे लहान, यादीचे उत्तर मोठे. नव्या लीफच्या एकाच वरच्या दुव्यावर एमटीयू १५०० राहिले होते, आणि दोनपैकी त्या दुव्यावर ज्या जोडण्या पडत, तेवढ्याच गोठत. तेव्हापासून प्रत्येक स्विचच्या कामानंतर प्रत्येक सर्व्हरवरून प्रत्येक सर्व्हरकडे, तुकडे करायला मनाई करून, ८९७२ बाइटचे पिंग जाते. त्यात आयपी आणि आयसीएमपी यांच्या शीर्षकांचे २८ मिळवले की बरोबर ९००० होतात. एकच पिंग पुरत नाही, कारण ते चांगल्या दुव्यावरून गेले तर दोष लपतो. म्हणून प्रत्येक दुव्याचा एमटीयू स्विचवरूनही वाचून ताडतो.

वीज आणि थंडाव्याबद्दल थोडेच. प्रत्येक सर्व्हरचे दोन वीजपुरवठे दोन वेगळ्या मार्गांवर आहेत का, आणि एक मार्ग गेल्यावर दुसरा सगळा भार पेलतो का, एवढे तपासा. दोन्ही मार्ग ६० टक्क्यांवर चालत असतील, तर ती जोडी असून नसल्यासारखी आहे.

वर्तुळाकार अवलंबित्व हा विषय आराखड्यात क्वचितच येतो, म्हणून तो मुद्दाम मांडतो. डीएनएस (नावांवरून पत्ते देणारी सेवा), वेळ देणारे एनटीपी सर्व्हर, पॅकेजचा साठा, पासवर्डांची तिजोरी आणि उभारणीची कागदपत्रे यांतले काय काय त्याच क्लाउडमधल्या मशीनवर आहे, ते मोजा. मी मदतीला गेलो होतो त्या एका ठिकाणी वीज जाऊन सर्व रॅक एकदम बंद पडले होते; कंट्रोलर चालू करायला लागणारा पासवर्ड त्याच क्लाउडमधल्या तिजोरीत होता, आणि सुटका झाली ती एका अभियंत्याने नियम मोडून लॅपटॉपमध्ये ठेवलेल्या जुन्या प्रतीमुळे. वेळेकडेही दुर्लक्ष नको: सेफच्या मॉनिटरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला की इशारे सुरू होतात. या पाच सेवांसाठी क्लाउडच्या बाहेर दोन छोटे सर्व्हर ठेवा.

तालमीबद्दलही आग्रह धरतो. आपण नवे क्लाउड उभारणार असलात तरी पुढच्या वर्षापासून ते जागच्या जागीच अपग्रेड होणार आहे, आणि ती सवय पहिल्या वर्षीच लागली पाहिजे. तीन व्हर्च्युअल मशीनवर कंट्रोल प्लेनची (कंट्रोलरवरच्या नियंत्रक सेवांची) छोटी प्रतिकृती ठेवा, तिच्यात खऱ्या डेटाबेसची प्रत भरा आणि अपग्रेड तिथे चालवा. रिकाम्या डेटाबेसवरची तालीम काही शिकवत नाही. आमच्या एका तालमीत रचनाबदल दोन मिनिटांत होईल असे धरले होते आणि त्याला पाऊण तास लागला, कारण नोव्हा हटवलेल्या मशीनच्या नोंदी पुसत नाही, फक्त खूण करून ठेवते, आणि अनेक वर्षांच्या तशा नोंदी तक्त्यांत साचल्या होत्या. त्या नोंदी दप्तरात हलवण्याची आज्ञा नोव्हातच आहे. ती तेव्हापासून दर महिन्याला चालते. प्रत्यक्ष अपग्रेडच्या वेळी आधी कंट्रोल प्लेन, मग कॉम्प्युट नोड एकेक करून, असा क्रम ठेवता येतो, कारण नवा कंट्रोलर जुन्या कॉम्प्युट सेवेशी बोलू शकतो. न्यूट्रॉनचे रचनाबदल विस्तार आणि आकुंचन अशा दोन भागांत होतात. विस्तारापर्यंत सेवा चालू ठेवता येते आणि मागे फिरण्याची शक्यता असते. आकुंचनानंतर मागे जायचे ते फक्त बॅकअपवरून, आणि सेफची मोठी आवृत्ती बदलल्यावर तर मागे जाताच येत नाही. वेळापत्रकात या दोन क्षणांपुढे लाल खूण करा, आणि तिथे पोहोचण्यापूर्वी पुढे जायचे की नाही हे कोण ठरवणार, त्याचे नाव लिहा.

जुने तेरा नोड रिकामे होत जातील तसे दोन-दोन करून नव्या क्लाउडमध्ये घ्या, पण शेवटचे दोन घाईने भरू नका. ते रिकामे घर आहे. व्यवस्थापनाला वापर न होणारे दोन सर्व्हर खुपतील. त्यांना सांगा की हे सर्व्हर प्रत्येक पॅचच्या दिवशी कामावर असतात. शेड्युलरमध्ये (मशीन कोणत्या नोडवर सुरू करायचे हे ठरवणाऱ्या सेवेत) ते वेगळ्या गटात बंद करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत कोणीतरी 'तात्पुरते' म्हणून ते भरून टाकेल.

कामाचा क्रम मग असा लागतो: आधी सेफमध्ये चार नोड आणि दोन मॉनिटर, मग सेफ क्विन्सीवर, दरम्यान चौथ्या रॅकमध्ये नवे फॅब्रिक आणि जुन्या नेटवर्कशी त्याची जोडणी, मग तीन कंट्रोलर व नऊ कॉम्प्युट नोडांचा नवा क्लाउड, आणि मग मशीनचे स्थलांतर, प्रत्येक तुकडीत आधी दुहेरी सेवांची मशीन आणि शेवटी एकुलती एक. मोकळ्या होणाऱ्या रॅकचे स्विच त्याच ओघात बदलतील. सेफचे जुने आठ नोड मात्र नव्या लीफवर एकेक करूनच हलवा, 'नोआउट' लावून आणि आपापले पत्ते कायम ठेवून. त्यांच्या जुन्या सबनेटची व्हीलॅन तोवर दोन्ही बाजूंना जिवंत ठेवावी लागेल.

तीन गोष्टी कळवल्यात तर याहून नेमके सांगता येईल: किती मशीनच्या मूळ डिस्क नोव्हाच्या पूलमध्ये आहेत, सेफच्या डिस्कपैकी फाइलस्टोअरवर काही उरल्या आहेत का, आणि सर्वांत जुन्या कॉम्प्युट नोडचा सीपीयू कोणत्या पिढीचा आहे. त्यातल्या पहिल्या आकड्याने माझे वेळापत्रक सर्वांत जास्त बदलेल.